बावीस टन ऊस आणि तारीख नसलेले एक वाक्य

१/
या धाग्यांमध्ये आपण आजवर किल्ले, तह आणि मोडी कागद पाहिले. आजचा विषय संगणकाच्या प्रोसेसरचा आहे. इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांमध्ये गेली पन्नासहून अधिक वर्षे चाललेली स्पर्धा आणि त्यात फिरलेले त्यांचे दिवस, याविषयी हा धागा आहे. विषय निवडण्याचे कारण वैयक्तिक आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या हातून झालेली सर्वांत महागडी चूक याच विषयातली आहे. तिची किंमत बावीस टन ऊस एवढी होती.

२/
माझे गाव बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात आहे. आई आणि अण्णा दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत तोड चालते. २०२१ मध्ये माझे बी.ए.चे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर चालू होते. अण्णांनी उचल थोडी वाढवून घेतली आणि लॅपटॉपसाठी पैसे माझ्या हातात दिले.

३/
दुकानात दोन लॅपटॉप समोर आले. एकावर एएमडीचे स्टिकर होते, दुसऱ्यावर इंटेलचे. इंटेलचा सहा हजारांनी महाग होता. स्वस्त असलेल्यात प्रोसेसरचे कोअर अधिक होते. दुकानदार म्हणाले, “एएमडी घेऊ नका, ते तापतं. इंटेल ते इंटेल.” अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि सहा हजार जास्त मोजले. लॅपटॉप उत्तम चालला. हा धागाही त्याच्यावरच लिहितो आहे. माझी तक्रार लॅपटॉपविषयी नाही, त्या वाक्यावर ठेवलेल्या माझ्या विश्वासाविषयी आहे.

४/
त्या हंगामात अण्णांना तोडणीचे टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास मिळत होते. सहा हजार रुपये म्हणजे बावीस टन ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरणे. हा हिशेब मी दुकानात केला नाही. तो पुढे एम.ए.ला, साधनचिकित्सेच्या तासाला केला. सर तारीख नसलेल्या कागदाविषयी बोलत होते. अशा कागदातला मजकूर खराही असू शकतो, पण तो केव्हाचा हे ठरल्याशिवाय त्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही. मला दुकानदाराचे वाक्य आठवले. ‘ते तापतं’ हे खरे असेल, पण केव्हा?
त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना मला हा सगळा इतिहास वाचावा लागला.

५/
दोन्ही कंपन्या एकाच घरातून फुटलेल्या. कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही ती मूळ कंपनी. तिथून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी जुलै १९६८ मध्ये इंटेल स्थापन केली. त्यानंतर दहा महिन्यांनी, मे १९६९ मध्ये, जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएमडी उभी केली. नॉइस आणि मूर संशोधनातले, तर सँडर्स विक्रीतले. इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा प्रोसेसर आणि १९७८ मध्ये ८०८६ बाजारात आणला. एएमडीचा सुरुवातीचा धंदा बराचसा दुसऱ्यांच्या रचनेच्या चिप बनवून देण्याचा होता.

६/
१९८१ मध्ये आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ निवडला. मात्र एकाच कंपनीवर विसंबून राहण्यास आयबीएम तयार नव्हती. तीच चिप बनवणारा दुसरा पुरवठादार हवा, असा तिचा आग्रह होता. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात दहा वर्षांचा तंत्रज्ञान-विनिमयाचा करार झाला. म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरच्या धंद्यात एएमडीला जागा मिळाली ती गिऱ्हाइकाच्या सावधपणामुळे.

७/
हा प्रसंग अण्णांना सांगितला, तेव्हा त्यांना त्यात नवे काहीच वाटले नाही. ते म्हणाले, “एकाच मुकादमाच्या भरोशावर ऱ्हायलं की तो म्हणल तो भाव. दुसरा दारात उभा आसला की पहिला नीट बोलतो.” आयबीएमच्या अधिकाऱ्यांनी जे करारात लिहून घेतले, ते आमच्या गावात प्रत्येक कोयत्याला ठाऊक असते. फरक एवढाच की आयबीएमला दुसरा पुरवठादार मागता आला. उचल अंगावर असलेल्या माणसाला दुसरा मुकादम सहसा मागता येत नाही.

८/
ज्याला नाइलाजाने वाटेकरी करून घ्यावे लागले, त्याला वाटा देणे इंटेलला फार काळ रुचले नाही. १९८५ च्या ३८६ या प्रोसेसरची रचना तिने एएमडीला दिली नाही. प्रकरण लवादाकडे गेले. दरम्यान एएमडीने १९९१ मध्ये स्वतःचा ३८६ बाजारात आणला. लवादाचा निकाल १९९२ मध्ये एएमडीच्या बाजूने लागला, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या अखेरीस तो उचलून धरला आणि जानेवारी १९९५ मध्ये दोघींनी समेट केला. एका कराराचा अर्थ ठरवण्यात संगणकाच्या अनेक पिढ्या उलटून गेल्या.

९/
‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात याच काळातली, १९९१ ची. ‘३८६’ हा आकडा कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असे न्यायालयात ठरले होते. म्हणून १९९३ च्या प्रोसेसरला आकड्याऐवजी ‘पेंटियम’ हे नाव मिळाले. लॅपटॉपवरच्या ज्या स्टिकरकडे पाहून मी मान हलवली, त्याची परंपरा अशी तीस वर्षे मागे जाते. प्रोसेसर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते नाव. इंटेलने ते नाव पैसे ओतून घराघरांत पोहोचवले.

१०/
पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण दिल्लीत झाले आणि १९७९ मध्ये ते इंटेलमध्ये दाखल झाले. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच रचनेतून १९९७ मध्ये एएमडीचा के-६ हा प्रोसेसर आला. तो पेंटियमच्याच मदरबोर्डवर बसे आणि भावाने स्वस्त होता. सरदाराने छावणी बदलली की शत्रूची व्यूहरचनाही त्याच्यासोबत जाते, हे मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. २०२५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले.

११/
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘एएमडी तापतं’ या वाक्याला पहिली तारीख मिळते ती २००१ च्या सुमारास. मार्च २००० मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉनने इंटेलच्या दोन दिवस आधी एक गिगाहर्ट्‌झचा टप्पा गाठला होता. पण पुढच्या वर्षी झालेल्या चाचण्यांत दिसले की, उष्णता वाहून नेणारा भाग निघाला तर अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून जातो, उलट पेंटियम ४ स्वतःचा वेग कमी करून वाचतो. म्हणजे दुकानदाराचे वाक्य निराधार नव्हते. ते वीस वर्षे जुने होते.

१२/
तीनच वर्षांत चित्र उलटले. २००४ मध्ये पेंटियम ४ ची नवी आवृत्तीच अतिशय तापू लागली आणि चार गिगाहर्ट्‌झचा नियोजित प्रोसेसर इंटेलला रद्द करावा लागला. त्याआधी, एप्रिल २००३ मध्ये, एएमडीने ऑप्टेरॉन हा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला होता. त्याची रचना इतकी सोयीची ठरली की २००४ मध्ये इंटेललाही तिच्याशी जुळणारी रचना स्वीकारावी लागली. ज्याला दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करणारा कारागीर म्हटले जात होते, त्याच्या आराखड्यावर आता पहिला काम करू लागला. त्या वर्षी कुणी ‘ते तापतं’ म्हटले असते, तर बोट इंटेलकडे दाखवावे लागले असते.

१३/
पण चांगला माल आणि भरलेली तिजोरी यांत अंतर असते. संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना इंटेल अटींसह सवलती देत असे, असा ठपका युरोपीय आयोगाने ठेवला आणि मे २००९ मध्ये १०६ कोटी युरोंचा दंड केला. तो दंड पुढे न्यायालयात रद्द झाला, तर काही वर्तनासाठी २०२३ मध्ये आयोगाने सुमारे ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड लावला. स्वतः एएमडीला मात्र २००९ मध्येच, आपसातल्या समेटात, इंटेलने १२५ कोटी डॉलर दिले. तोवर एएमडीची सर्वोत्तम वर्षे सरली होती.

१४/
त्यानंतरची एएमडीची पडझड ही बरीचशी स्वतःच्या हाताने झालेली आहे. २००६ मध्ये तिने एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी ५४० कोटी डॉलरना घेतली आणि कर्जात बुडाली. २००९ मध्ये चिप बनवणारे कारखाने वेगळे काढून अबुधाबीच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीजकडे द्यावे लागले. २०११ ची ‘बुलडोझर’ रचना फसली. २०१३ मध्ये तर तिने ऑस्टिनमधील आपले संकुल १६.४ कोटी डॉलरना विकले आणि त्याच जागेत ती भाड्याने राहिली. राहते घर विकून त्याच घरात भाडेकरू होणे म्हणजे काय, हे आकडेमोड न येणाऱ्यालाही समजते.

१५/
त्याच २०१३ मध्ये एएमडीने २२० वॅटचा एक प्रोसेसर विकला. ‘ते तापतं’ या वाक्याला मिळालेली ही दुसरी तारीख. २०१५ मध्ये कंपनीची विक्री ३.९९ अब्ज डॉलरवर आली, तोटा ६६ कोटी डॉलर झाला आणि समभागाचा भाव दोन डॉलरच्या खाली गेला. माझा तर्क असा की, दुकानदारांचे मत याच काळात पक्के झाले असावे. त्या वेळी मत योग्यच होते.

१६/
ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू एएमडीच्या प्रमुख झाल्या. ‘झेन’ ही पूर्णपणे नवी रचना मार्च २०१७ मध्ये ‘रायझन’ या नावाने बाजारात आली. जुलै २०१९ मध्ये तिची पुढची पिढी तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या सात नॅनोमीटर प्रक्रियेने बनून आली. स्वतःचे कारखाने गमावलेली एएमडी आता जगातल्या सर्वांत पुढच्या कारखान्याचे गिऱ्हाईक होऊ शकत होती. उलट इंटेल स्वतःच्याच कारखान्यांना बांधलेली होती आणि तिची दहा नॅनोमीटरची प्रक्रिया वर्षानुवर्षे लांबत गेली.

१७/
या बदलाची एक नोंद आपल्या पुण्यातच आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला. त्यात ब्रिटिश इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. पुढच्या परम यंत्रांत क्रमाने इंटेलचे, सनचे आणि आयबीएमचे प्रोसेसर आले. २००८ च्या परम युवामध्ये पुन्हा इंटेलचे. आणि २०२० च्या परम सिद्धीमध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसोबत एएमडीचे ‘एपिक’ प्रोसेसर होते. एखाद्या टेकाडाच्या खोदकामात जसे थरागणिक नाण्यांवरचे राजे बदलतात, तशी ही यादी वाचता येते.

१८/
नोव्हेंबर २०२० मध्ये परम सिद्धी जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्यानंतर काही महिन्यांनी, पुण्यापासून एसटीने एका दिवसाच्या अंतरावर, मला सांगितले गेले की एएमडी तापते, आणि मी ते मानले. बातमी आणि कीर्ती यांचा वेग सारखा नसतो. बातमी त्याच दिवशी येते; कीर्ती पायी चालत येते, आणि ती पोहोचेपर्यंत जिच्याविषयी ती होती ती वस्तू बदललेली असते.

१९/
ही चूक केवळ माझ्यासारख्या गिऱ्हाइकाची नव्हे. खुद्द इंटेलच्या खतावणीनेही हेच दाखवले. २०२० मध्ये इंटेलची विक्री ७७.९ अब्ज डॉलर आणि नफा २०.९ अब्ज डॉलर होता. २०२१ मध्ये विक्री ७९ अब्जांवर गेली. तिच्या इतिहासातले हे आकड्यांचे शिखर. पण त्याच २०२० च्या जूनमध्ये अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर सोडत असल्याचे जाहीर केले आणि जुलैत इंटेलला पुढच्या प्रक्रियेचाही विलंब कबूल करावा लागला. नफा गेल्या पाच-सात वर्षांच्या कष्टांचा असतो. ताळेबंदावर तारीख असते ती चालू वर्षाची, पण त्यातले यश जुने असते.

२०/
आमच्या तालुक्याला लागूनच जामखेड तालुक्यात खर्डा आहे. मार्च १७९५ मध्ये तिथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. नाना फडणवीसांनी शिंदे, होळकर, भोसले यांना एकत्र आणले होते. निजामाला मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि तीन कोटी रुपये कबूल करावे लागले, दिवाण ओलीस द्यावा लागला. त्या दिवशीची खतावणी पाहिली तर पुणे दरबाराइतका बलाढ्य कुणी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. हरलेल्या निजामाचे राज्य मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकले, आणि आमचा तालुका तोवर त्याच राज्यात होता.

२१/
साम्य आणखी पुढे नेण्याचा मोह होतो. १७९८ मध्ये निजामाने फ्रेंच अधिकाऱ्यांनी घडवलेली स्वतःची फौज मोडली आणि इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. २००९ मध्ये एएमडीने स्वतःचे कारखाने सोडले आणि दुसऱ्यांच्या कारखान्यांवर विसंबली. दोघेही टिकले. पण तुलना इथेच थांबवायला हवी. निजामाने फौज सोडली तेव्हा त्याचे स्वातंत्र्य गेले. एएमडीने कारखाने सोडले तेव्हा कोणत्या कारखान्यातून माल करून घ्यायचा हे निवडण्याचे स्वातंत्र्य तिला मिळू लागले. साम्य दिसले की फरक मोजायचा, हेही साधनचिकित्सेतच शिकवतात.

२२/
२०२२ मध्ये एएमडीचे बाजारमूल्य प्रथमच इंटेलच्या पुढे गेले. २ नोव्हेंबर २०२४ ला, पाडव्याच्या सकाळी, मी घरी फोनवर बातमी वाचली: १९९९ पासून डाऊ जोन्स निर्देशांकात असलेल्या इंटेलला काढून तिच्या जागी एनव्हिडियाला घेतले जाणार होते. दोघी एकमेकींकडे पाहत असताना तिसरीच पुढे निघून गेली होती. इंटेलचा त्या वर्षाचा तोटा पुढे १८.८ अब्ज डॉलर निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला.

२३/
त्या पाडव्यालाच मी अण्णांना सहा हजारांची गोष्ट सांगितली. तीन वर्षे सांगवली नव्हती. बावीस टनांचा हिशेबही सांगितला. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दुकानदार खोटं नाही बोलला. त्याला जुनं खरं ठावं व्हतं.” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे: “आपण बी मुकादम आज्याच्या ईळंचं नाव बघून धरला.” आमचे आजोबा ज्या मुकादमाकडे जात, त्याच्याच घराकडे अण्णा पंधरा वर्षे जात होते. आजोबांच्या वेळचा मुकादम हिशेबाला चोख होता. त्याच्या मुलाविषयी तसे म्हणता येत नाही. मी त्यावर काही बोललो नाही.

२४/
यंदा धाकट्या बहिणीसाठी लॅपटॉप घ्यायला आम्ही तिघे गेलो. दुकान दुसरे होते. पुन्हा दोन लॅपटॉप समोर आले. विक्रेता तरुण होता. तो म्हणाला, “इंटेल नका घेऊ, ती कंपनी बसली आता.” मी तोंड उघडणार होतो, सांगणार होतो की २०२४ मध्येही इंटेलची विक्री ५३ अब्ज डॉलरची होती, एएमडीच्या दुपटीहून अधिक, आणि कंपनीच्या समभागाचा भाव पडला म्हणून समोरचा लॅपटॉप वाईट ठरत नाही. त्याआधी अण्णा पुढे सरकले आणि शांतपणे त्याला विचारते झाले, “हे कवाचं सांगताव?”